शेवटची वीतभर नळी

पिशवी दाबली, पण ती दबेना. एरवी रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब गेली की हातातली रबरी पिशवी मऊ लागते. दाबली की समोरची छाती उचलते, सोडली की पिशवी पुन्हा भरते. त्या दिवशी ती हवा ठासून भरलेल्या फुटबॉलसारखी टणक झाली. टेबलावर अकरा वर्षांची मुलगी होती. अपेंडिक्स काढायचं होतं. तालुक्याच्या गावातलं पंधरा खाटांचं नर्सिंग होम, आणि माझी त्या दिवसातली चौथी केस.

छातीला स्टेथोस्कोप लावला, आवाज नाही. बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ सपाट. पल्स ऑक्सिमीटरची टिकटिक सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरेल तशी खालच्या सुरात जाते. तो उतरणारा सूर भूलतज्ज्ञाला पाठमोरं असतानाही ऐकू येतो. ९६, ९१, ८४. ट्यूब स्वरतंतूंच्या मधून जाताना मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणजे ती अन्ननलिकेत नव्हती. मग दमाच उसळला असणार, असं मनाने घेतलं आणि मी औषध मागितलं. ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, मदतनीस मामा औषध आणायला गेले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘मॅडम, आधी ही लावून बघा.’

सर्किट, म्हणजे भूलयंत्रापासून ट्यूबपर्यंतच्या नळ्या, काढलं, ट्यूबला थेट अंबू जोडली, दाबली. छाती वर आली. सॅच्युरेशन ६८ पर्यंत उतरून थांबलं होतं, ते चढायला लागलं. म्हणजे मुलगी ठीक होती, तिची फुप्फुसं ठीक होती, ट्यूब जागेवर होती. वाट बुजली होती ती यंत्र आणि ट्यूब यांच्या मध्ये. नंतर दिव्याखाली धरून पाहिलं, तर ट्यूबजवळच्या, जंतू अडवणाऱ्या फिल्टरच्या तोंडात पाकिटाच्या प्लास्टिकचा एक तुकडा चिकटून बसला होता. रुपयाच्या नाण्याएवढा, काचेसारखा पारदर्शक. नवं पाकीट घाईत फाडताना तो आत गेला असावा.

त्या मुलीला चौथ्या दिवशी घरी सोडलं. माझ्या डोक्यातून तो तुकडा मात्र गेलेला नाही, कारण यंत्र मी तपासलं होतं. सकाळी येऊन ऑक्सिजनचा दाब पाहिला होता, सर्किटची गळती पाहिली होती. मग हे सुटलं कसं?

सुटलं ते असं. गळती पाहताना आपण सर्किटचं रुग्णाकडचं तोंड अंगठ्याने बंद करतो, सर्किट फुगवतो आणि दाब टिकतो का ते बघतो. दाब टिकला की सर्किट चांगलं. पण जे सर्किट मध्येच बुजलं आहे, त्यातही दाब टिकतोच. उलट अधिकच छान टिकतो. हवा बाहेर निसटते का, हे पाहणारी परीक्षा हवा पुढे जाते का, हे सांगतच नाही. दुसरं म्हणजे फिल्टर, त्याला जोडलेला कॅथेटर माउंट (छोटी लवचीक नळी) आणि काटकोनात वळणारा छोटा तुकडा हे सगळं आपण तपासणी झाल्यावर, रुग्ण टेबलावर आल्यावर जोडतो. फिल्टर दर रुग्णाला नवा. म्हणजे मीटरभराहून लांब सर्किट आपण तपासतो आणि रुग्णाच्या तोंडाशी येणारी शेवटची वीतभर नळी दर वेळी नवी आणि दर वेळी न तपासलेली असते.

हा माझा एकटीचा अनुभव असता तर मी तो लिहिला नसता. जुलै २००१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समधल्या चेम्सफर्ड इथे एक नऊ वर्षांचा मुलगा ऑपरेशनला आला. सायकलच्या साखळीत बोटाचं टोक गेलं होतं, तेवढंच. भूल दिली आणि वायू फुप्फुसांपर्यंत पोचेना. कारण वेळेत सापडलं नाही आणि मुलगा गेला. नंतर कळलं की काटकोनाच्या तुकड्यात सलाइनच्या सेटचं प्लास्टिकचं छोटं टोपण अडकलं होतं. ते टोपण आतल्या भोकात बुचासारखं बसलं होतं. ते इतकं नेमकं बसलं होतं की पोलिसांनी घातपाताच्या शक्यतेनेही तपास केला. देशभरातल्या इतर रुग्णालयांत अशा घटना झाल्या आहेत का, हे पाहिलं गेलं, आणि झाल्या होत्या. कुणी मुद्दाम काही केल्याचं निघालं नाही. निघालं ते त्याहून साधं होतं. एकाच जागी दोन प्रकारचं सामान उघडं पडलेलं असतं, त्यातलं एक दुसऱ्यात घट्ट बसेल अशा मापाचं असतं, आणि ते दिसत नाही. सरकारने तज्ज्ञांचा गट नेमला, २००४ मध्ये त्यांचा अहवाल आला. सर्किटचे भाग वापरायच्या क्षणापर्यंत आपापल्या पाकिटात बंद ठेवा, ही त्यातली एक शिफारस. वाचायला किती क्षुल्लक वाटते! पण एका मुलाचा जीव तेवढ्यावर अडला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक रुग्णाआधी सर्किट रुग्णाच्या टोकापर्यंत, त्या शेवटच्या वीतभर नळीसकट, तपासलं गेलं पाहिजे. ही तपासणी एकट्या भूलतज्ज्ञाच्या सद्सद्विवेकावर सोडून चालणार नाही. त्यासाठी वेळ, सामान आणि लेखी नोंद यांची जबाबदारी ज्याचं यंत्र आहे त्याच्यावर टाकली पाहिजे.

तपासणी अवघड नाही. फिल्टर, माउंट, काटकोनाचा तुकडा सगळं जोडायचं आणि रुग्णाच्या जागी दुसरी रबरी पिशवी लावायची. मिनिटाला पाच लिटर वायू सोडायचा. एक पिशवी दाबली की दुसरी फुगली पाहिजे, दुसरी दाबली की पहिली. यंत्रावरच्या झडपा हलताना दिसल्या पाहिजेत. मग व्हेंटिलेटर चालू करून तेच पाहायचं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रत्येक रुग्णाआधी करायला सांगितलं आहे, आणि जिथे म्हणून भूल दिली जाते तिथे अंबू बॅग हाताशी असलीच पाहिजे असंही म्हटलं आहे. मी घड्याळ लावून पाहिलं. हाताने दाबून पाहायला पाऊण मिनिट लागतं.

अंबूबद्दल थोडं सांगते, कारण बाहेरच्या लोकांना ती रुग्णवाहिकेतली वस्तू वाटते. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये ती बाजारात आली. तिचं वैशिष्ट्य एवढंच की दाबून सोडल्यावर ती आपोआप फुगते. तिला सिलिंडर लागत नाही, पाइपलाइन लागत नाही, वीज लागत नाही. खोलीतली हवा ती आत घेते आणि खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. म्हणून यंत्राबद्दल शंका आली की अख्खं यंत्र बाजूला सारून ट्यूबला थेट अंबू लावायची. छाती उचलली तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये. नाही उचलली तर ट्यूबमध्ये किंवा रुग्णात. मग ट्यूबमधून सक्शनची नळी सरकवून बघायची, तीही जात नसेल तर ट्यूब काढायची. हे कॉलेजात शिकवलेलं असतं. पण त्या दोन मिनिटांत मन रुग्णाच्या आजाराकडे धावतं. दमा, ॲलर्जी, फुप्फुसात पाणी. आपण वैद्यकशास्त्र शिकलेलो असतो, म्हणून आपल्याला आजार दिसतो. मामा ते शिकले नव्हते, त्यांना यंत्र दिसलं. लहान मुलांत तर वेळ आणखी कमी असतो. वजनाच्या हिशेबाने त्यांना मोठ्यांच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसात शिल्लक साठा तोकडा असतो.

आता आपल्याकडचं चित्र. मोठ्या शहरांतली मोठी रुग्णालयं सोडली तर महाराष्ट्रात असंख्य ऑपरेशनं छोट्या नर्सिंग होममध्ये होतात आणि तिथे भूल देणारे माझ्यासारखे फिरते भूलतज्ज्ञ असतात. फोन येतो, गाडी काढायची. डिकीत आपली बॅग, त्यात लॅरिंगोस्कोप, ट्यूब, औषधं. काही जण मॉनिटरही आपलाच नेतात. एका सिझेरियनवरून दुसऱ्या हर्नियाकडे, तिथून तिसऱ्या गावाला. पोचेपर्यंत रुग्ण टेबलावर, सर्जन हात धुऊन तयार. ‘मॅडम, करायची का सुरुवात?’ भिंतीशी असतं ते बॉयल मशीन, म्हणजे भूलयंत्र, दुसऱ्याचं, त्याच्या एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण झालं की नाही हे मला ठाऊक नसतं, आणि काही बिघडलं तर नाव माझं. यंत्र एकाचं, हात दुसऱ्याचा. या दोघांच्या मध्ये जी फट आहे, त्या फटीतच टोपणं पडतात.

ही टोपणं मी अनेक ओटींत पाहिली आहेत. स्टीलच्या ट्रेमध्ये कॅथेटर माउंट, बाजूला सलाइन सेटची टोपणं, थ्री-वेची झाकणं, सुयांची टोपणं, इंजेक्शनच्या बाटलीवरचे ॲल्युमिनियमचे तुकडे. एकदा वापरून फेकून द्यायची सर्किटं धुऊन, लटकवून, वाळवून पुन्हा लावली जातात. पैसे वाचवायचे म्हणून हे होतं, आणि छोट्या गावात बिल कमी ठेवायचं तर ते का होतं हेही मला कळतं. पण मग निदान धुतलेल्या नळीतून आरपार पाहायला तरी हवं, वाळल्यावर ती पिशवीत बंद ठेवायला हवी. पिशवीला पैसे पडत नाहीत.

इथे कुणी म्हणेल, डॉक्टरांना कायद्याचा धाक घाला, आपोआप तपासतील. आपल्या देशात डॉक्टरांच्या फौजदारी जबाबदारीची सगळी चर्चा ज्या निकालाभोवती फिरते, तो जेकब मॅथ्यू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ५ ऑगस्ट २००५ चा आहे. डॉक्टर मंडळी तो निकाल ढालीसारखा वापरतात, टीकाकार त्यावर तुटून पडतात. पण त्या खटल्यात मुळात झालं काय होतं, हे फार थोड्यांना आठवतं. १९९५ मध्ये लुधियानातल्या एका रुग्णालयात रुग्णाला श्वास लागला. ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला, तो रिकामा निघाला. शेजारच्या खोलीतून दुसरा आणला, तर तो चालू करायची सोय नव्हती. पाच-सात मिनिटं गेली आणि रुग्ण दगावला. ठळक, घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. रिकाम्या सिलिंडरबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकेल, पण त्यावर आम्ही मत देत नाही, असंही म्हटलं. न्यायालयापुढे प्रश्नच तेवढा होता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दोष आपला आहे. त्यानंतरच्या वीस वर्षांत आपण डॉक्टरला अटक व्हावी की नाही यावर रान उठवलं, पण रोज सकाळी तो सिलिंडर कुणी तपासायचा आणि तपासल्याची सही कुठे करायची, हा प्रश्न तसाच राहिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरच्या निष्काळजीपणाला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ती असावी. पण शिक्षेने नळीतलं टोपण दिसत नाही.

शिवाय शिक्षा नेमकी कुणाला? मे २०१६ मध्ये इंदूरच्या एमवाय रुग्णालयात नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये दोन मुलं दगावली. ऑक्सिजनच्या पाइपमधून नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू येत होता, जोडणीच चुकली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात नेमकी हीच चूक नवजात बाळांच्या बाबतीत झाली. एक बाळ गेलं, दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. दोन्हीकडे भिंतीवरच्या पाटीवर ‘ऑक्सिजन’ लिहिलेलं होतं. पाटी वाचून नळी लावणाऱ्याचा काय दोष? सिलिंडर चुकीच्या जागी बसूच नये म्हणून प्रत्येक वायूसाठी खिळ्यांची वेगवेगळी जागा ठरवणारी पद्धत १९५२ पासून आहे. ऑक्सिजनला दोन आणि पाच क्रमांकाची जागा, नायट्रस ऑक्साइडला तीन आणि पाच. पण पाइप भिंतीच्या आतच उलटसुलट जोडले तर बाहेरचे खिळे काय करणार? रुग्णाच्या टोकाला ऑक्सिजन मोजणारं उपकरण लावलं असतं, नवी पाइपलाइन सुरू करण्याआधी प्रत्येक तोंडातून येणारा वायू मोजला असता, तर ते लगेच कळलं असतं. पुन्हा तेच. तपासणी मुळाशी नको, टोकाशी हवी. जिथे श्वास घेतला जातो तिथे.

आपल्याकडे उपकरणांची आठवण माणसं गेल्यावर येते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, आणि ‘फायर ऑडिट’ हा शब्द गावोगाव पोचला. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण दगावले, मग ‘ऑक्सिजन ऑडिट’. भूलयंत्राच्या सर्किटमुळे एका वेळी एकच माणूस जातो. बातमी होत नाही. झालीच तर ‘भुलीचा डोस जास्त झाला’ एवढीच होते, नातेवाईक तेच धरून बसतात आणि नळीत काय होतं हे कुणी पाहतच नाही. सर्किट कचऱ्यात गेलेलं असतं.

भाजी वाहणाऱ्या टेम्पोलाही पासिंगला न्यावं लागतं. ब्रेक, दिवे, टायर बघून मगच शिक्का मिळतो. नर्सिंग होमच्या नोंदणीसाठी येणारे अधिकारी खोल्या मोजतात, खाटा मोजतात, कागद बघतात. माझ्या इतक्या वर्षांच्या फिरतीत त्यांच्यापैकी कुणी भूलयंत्र चालू करून पाहिल्याचं मी पाहिलेलं नाही. नोंदणीच्या वेळी आणि नूतनीकरणाच्या वेळी बायोमेडिकल इंजिनिअरने यंत्र तपासल्याचा दाखला मागा. टेबलाच्या डोक्याशी अंबू आहे का, तिचा व्हॉल्व्ह चालतो का, हे हातात घेऊन बघा. ऑक्सिजन मोजणारं उपकरण आणि कॅप्नोग्राफ आहे का, बघा. याने छोटी नर्सिंग होम बंद पडतील, असं काही सर्जनमित्र मला कळकळीने सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. खेड्यातलं नर्सिंग होम बंद झालं तर बाळंतिणीला साठ किलोमीटर न्यावं लागतं, आणि त्या रस्त्यावरही जीव जातात. पण दुसरी रबरी पिशवी, एक अंबू आणि झाकणाचा डबा याने कुणी बंद पडत नाही. जी उपकरणं खरोखर महाग आहेत, त्यांसाठी मुदत द्या, हप्ते द्या. पाऊण मिनिटासाठी मात्र मुदत मागू नका.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असंही ऐकू येतं. झालं नाही, की कळवलं नाही? माझंच सांगते. त्या मुलीच्या आईवडिलांना मी सगळं खरं सांगितलं, प्लास्टिकचा तुकडाही दाखवला. पण लेखी कुठेही कळवलं नाही. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या घटना नोंदवण्यासाठी आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे त्याचं काम आहे. मला ते माहीत होतं. तरी नर्सिंग होमचं नाव खराब होईल, ते पुन्हा बोलावणार नाहीत, पाकीट फाडणाऱ्या सिस्टरची नोकरी जाईल, असे विचार मनात आले आणि मी गप्प बसले. हे चुकलं. चेम्सफर्डच्या मुलानंतर वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या घटना एकत्र मांडल्या गेल्या, म्हणून ती टोपणं ही एका माणसाची चूक नाही हे कळलं. एकेकाने आपापला तुकडा खिशात ठेवला तर नमुना कधीच दिसणार नाही. घटना कळवणाऱ्याला त्या कळवण्याबद्दल कुणी शिक्षा करणार नाही, एवढी हमी सरकारने आणि आमच्या संघटनांनी मिळून दिली पाहिजे. ती सिस्टर आजही तिथेच काम करते आणि आता पाकीट कात्रीने कापते.

आणि नातेवाइकांनो, तुम्हीही विचारा. ऑपरेशनच्या आधी तुमच्यासमोर संमतीचा कागद येतो, त्यात रुग्णाला काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं असतं आणि खाली तुमची सही असते. यंत्राबद्दल त्यात एक ओळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी-यादी आणली, तिच्यात भूल देण्याआधीच ‘भूलयंत्राची आणि औषधांची तपासणी झाली का?’ हा प्रश्न आहे. तो मोठ्याने विचारायचा असतो. तुम्ही दाराबाहेर असता, पण आत जाताना भूलतज्ज्ञ तुम्हाला भेटतोच. त्याला विचारा, यंत्र तपासलंत का. चांगल्या भूलतज्ज्ञाला याचा राग येणार नाही. मला तर दोन मिनिटं मागून घ्यायला त्याचा आधारच होईल.

गेले आठ महिने मी प्रत्येक रुग्णाच्या भुलीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात हाताने लिहिते: ‘सर्किट रुग्णाच्या टोकापर्यंत तपासलं, अंबू डोक्याशी आहे’, पुढे वेळ आणि सही. दोन नर्सिंग होमनी ही ओळ आता त्यांच्या कागदावर छापून घेतली आहे. जिथे त्या मुलीचं ऑपरेशन झालं, तिथे अजून छापलेली नाही. तिथे मी हातानेच लिहिते, आणि लिहिण्याआधी मामा दुसरी पिशवी पुढे करतात.